पागोळीखालचा वाफा

थोरलीच्या जिभेला हाड नव्हतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण ती जीभ उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत चालायची ती एकाच माणसावर, तिच्या धाकट्या जावेवर.

दोघींचं धुलाईचं काम होतं. इस्पितळाच्या चादरी, लॉजचे टॉवेल, कधी खाणावळीचे टेबलक्लॉथ. घराच्या मागच्या दाराशी सिमेंटचा हौद, हौदाशेजारी कपडे उकळायची भट्टी आणि उंबरा ओलांडला की मोकळं मैदान. तिथे एके काळी बाटल्यांचा कारखाना होता. कारखाना बुडाला, भिंती पाडल्या, मालक कोर्टात भांडत बसले आणि जागा पडून राहिली. मातीत काचांचे तुकडे, कडेला माजलेली झुडपं आणि वर दिवसभर फुकटचं ऊन. त्या उन्हावर घर चाललं होतं. पहिली दोरी सासूने बांधली होती, मग थोरलीने वाढवल्या, आणि धाकटी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात चिमट्यांची टोपली तिच्या काखेत आली.

"हिच्या हाताला लागून पाणीसुद्धा मळतं," थोरली म्हणायची, पलीकडच्या घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात. चादर नीट पिळली गेली नाही, पुन्हा हौदात. कडेला डाग राहिला, पुन्हा हौदात. धाकटीचा नवरा टेम्पो चालवायचा, गठ्ठे आणायचा, पोचवायचा. मोठा भाऊ अकाली गेल्यापासून वहिनी म्हणेल ती पूर्व दिशा. बायकोने गाऱ्हाणं सुरू केलं की तो बाहेर जाऊन टेम्पोचं बॉनेट उघडायचा आणि आत डोकं घालून उभा राहायचा. बिघाड असो वा नसो.

एक गोष्ट मात्र धाकटीने कधी गाऱ्हाण्यात आणली नाही. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. इस्पितळातून परत आली ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. थोरलीने तिला हाताने भरवलं, तिचे कपडे धुतले, अवाक्षर बोलली नाही. आणि मग एका सकाळी तिच्या अंगावरचं पांघरूण ओढलं. "ऊठ. पडून राहिलीस तर डोक्यात जाईल तुझ्या. हौदाशी बस." त्या दिवशीच्या गठ्ठ्यात बाळंतिणींच्या वॉर्डातल्या चादरी होत्या. थोरलीने ते पाहिलं होतं की नव्हतं, देव जाणे. धाकटीने विचारलं नाही. बसली आणि धुतल्या. पुढे तिला दिवस गेले नाहीत. थोरलीची मुलगी तिच्याच मांडीवर "काकू काकू" करत वाढली, लग्न होऊन लांब गेली. धाकटी थोरलीला "ताई" म्हणत राहिली, हो ला हो करत राहिली, आणि आत कुठेतरी ते वॉर्डाचं रक्त काही केल्या निघालं नाही.

मग मैदानाचा निकाल लागला. जागा पालिकेकडे आली आणि एक दिवस शाळेच्या हॉलमध्ये गल्लीची सभा भरली. तरुण इंजिनिअरबाई आल्या होत्या. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली. उंच लोखंडी सांगाडे, त्यांवर तिरकी बसवलेली सौर पॅनल आणि पॅनलच्या खाली, अर्ध्या सावलीत, भाजीचे वाफे. वीज गल्लीला निम्म्या दरात मिळणार, पाण्याचा पंप त्याच विजेवर चालणार, वाफा ज्याला हवा त्याला. लोक खूश झाले. रिटायर झालेले कंपाउंडरकाका तिथल्या तिथे समितीचे अध्यक्षही झाले.

थोरली उभी राहिली. "आणि आमच्या दोऱ्या?"

"त्याचा विचार केलाय आजी," इंजिनिअरबाई हसून म्हणाल्या. "दक्षिणेच्या कडेला तुमच्यासाठी एक पट्टा मोकळा सोडू. कपडे वाळवायचं मशीन घेतलंत तर वीज स्वस्त पडेल. आणि पॅनल रोज धुवावी लागतात, ते पगाराचं काम तुमच्याच घरात देऊ."

"आजी कुणाची गं मी? आणि माझ्याच उन्हातला तुकडा मला वाढणारी तू कोण? ऊन काय तुझ्या बापाने आणलंय?"

हॉल हसला. थोरलीला वाटलं लोक आपल्या बाजूने हसताहेत, म्हणून ती आणखी बोलली. इंजिनिअरबाईंच्या बुटांवर बोलली, कंपाउंडरकाकांनी पूर्वी औषधाच्या बाटलीत किती पाणी घातलं त्यावर बोलली. मग हसू थांबलं. "चल गं," ती जावेला म्हणाली आणि निघाली. धाकटी पहिल्या हाकेला उठली नाही. वाकून चपलेचा पट्टा चाचपत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच इंजिनिअरबाईंकडे गेली. "ताईंचं मनावर घेऊ नका," ती म्हणाली. "वय झालंय, कळत नाही त्यांना. तो पट्टा वगैरे काही नको आम्हाला. धंदा बंदच करतोय आम्ही. मला फक्त धुवायचं काम द्या."

"पट्टा नको? नक्की ना? कारण तिथे मग आम्ही वाफे टाकू."

"टाका की."

इंजिनिअरबाईंचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन धाकटीने भाजी चिरली. पट्ट्याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. थोरलीला वाटलं, आपण शिव्या घातल्या म्हणून पट्टा गेला. तसं वाटण्यात तिला थोडा अभिमानही होता.

बघता बघता मैदानाचं रूप पालटलं. काचांची माती उपसून नेली, नवी माती आली, सांगाडे उभे राहिले, पॅनल बसली, वाफ्यांत रोपं आली. कडेला उरलेल्या दोऱ्या शेवटी एका सकाळी कामगारांनी कापल्या आणि गुंडाळून मागच्या दारात नीट ठेवल्या. थोरलीने दोन दिवस चादरी हौदातच भिजत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी धाकटीला मैदानातून आरडाओरडा ऐकू आला. पंप बंद पडला होता, नळ्या कोरड्या, वाफेवाले हातात झाऱ्या घेऊन वर बघत होते. थोरलीने स्टुलावर उभं राहून, बांबूने ढकलून, खालच्या ओळीतल्या पॅनलांवर इस्पितळाच्या चादरी पसरल्या होत्या. काळ्या तापलेल्या काचेवर त्या अशा झकास वाळत होत्या की तिचा चेहरा फुलला होता.

"काय कडक होतात बघा!" ती सगळ्यांना सांगत होती. "तुमचं हे यंत्र चांगलंय हो. उगीच नावं ठेवली मी."

ती मनापासून म्हणत होती. तिला वाटलं होतं, लोकांना आनंद होईल.

"अहो, सावली पडली की वीज थांबते!" कंपाउंडरकाका कपाळावर हात मारून म्हणाले. मग धाकटीकडे वळले. "तुमच्याच जाऊबाई. आणि काम पण तुमचंच. काढा त्या."

धाकटीने आकडीची काठी आणली. खालच्या कडेच्या वाफ्यांमध्ये पंप थांबण्याआधीच पाणी फिरलं होतं. टोपली स्टुलाशेजारीच होती, अगदी हाताशी. धाकटीने पहिली चादर आकडीने ओढली आणि चिखलात सोडली. मग दुसरी.

"अगं, टोपलीत टाक ना," थोरली म्हणाली. आवाजात अजून हुकूम होता.

"मला काम आहे ताई. अजून पॅनल धुवायचीत."

तिसरी चादर पडली तेव्हा थोरली स्टुलावरून उतरली आणि चादरी गोळा करायला लागली. ती वाकली की वरून पुढची पडायची. कुणीतरी हसलं, कुणीतरी "जाऊ द्या हो" म्हणालं, पण पुढे कुणी झालं नाही. पाण्यावाचून बाकीच्यांची रोपं माना टाकत होती, आणि दया येण्याआधी राग आला होता.

त्या चादरी थोरलीने पुन्हा धुतल्या आणि घरातच, खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधून वाळवल्या. घरात वाळलेल्या कपड्याला कुबट वास येतो तो आलाच. इस्पितळाच्या मेट्रनने गठ्ठा परत पाठवला. दुसराही पाठवला. मग गठ्ठे येईनासे झाले. लॉजवाले आधीच मशीनवाल्याकडे गेले होते. टेम्पोला समितीची भाजी पोचवायचं काम मिळालं, धाकटीला महिन्याचा पगार, आणि थोरली कोरड्या हौदाच्या काठावर बसून राहू लागली. तिची जीभही हळूहळू थंडावली. ओरडायचं तर कशावर? धाकटी चुकेल असं घरात काही कामच उरलं नव्हतं.

एका संध्याकाळी ताटं वाढताना थोरली म्हणाली, "मलाही एक वाफा बघ ना. बसून बसून हाडं धरलीत."

इतक्या वर्षांत तिने जावेकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. नवरा जेवता जेवता थांबला. धाकटीने त्याच्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "बघते की ताई."

वाफे सगळे गेले होते. पण सांगाड्याच्या खालच्या कडेला एक अरुंद पट्टी होती. पॅनल धुतली की सगळं पाणी उतरत येऊन तिथे पागोळीसारखं कोसळायचं, म्हणून इंजिनिअरबाईंनी तिथे मुद्दाम खडी टाकली होती. धाकटीने खडी काढवली, माती टाकवली. कंपाउंडरकाकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला काय, चार पानं उगवली म्हणजे झालं. मन रमेल त्यांचं." काकांनी तिच्या मोठ्या मनाचं समितीत कौतुक केलं.

थोरलीने पालक पेरला. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवे दोरे वर आले आणि ती सगळ्यांना हात धरून दाखवायला घेऊन गेली. दुसऱ्या सकाळी वरून पाणी सुटलं. धूळ, पाखरांची घाण, सगळं घेऊन पाणी त्या वाफ्यात आपटलं आणि दोरे मातीत गेले. थोरलीने पुन्हा पेरलं. पुन्हा गेलं. मुळा लावला, तो उघडा पडला. तिने वर गोणपाट ताणलं, तर धाकटीने ते काढून घडी करून दिलं. "वाऱ्याने उडून पॅनलवर गेलं तर? नियम आहे ताई."

मग थोरलीने दिराला गाठलं. "तिथे एक पन्हळ लावून दे रे मला. पाणी पलीकडे जाईल."

"बघतो वहिनी," तो म्हणाला, आणि रात्री बायकोला विचारलं.

"सांगाड्याला भोक पाडायचं नाही. बाईंनी बजावलंय."

"नुसती एक पन्हळ..."

"नियम नियम असतो. तुमच्या वहिनीनेच शिकवलंय मला. डाग तो डाग."

तो उठून टेम्पोकडे गेला.

आधी धाकटी उजाडताच पॅनल धुवायची. हल्ली तिने वेळ बदलली होती. सांगाड्याच्या वरच्या अंगाला चालायची फळी होती. तिथून तिला सगळं मैदान दिसायचं. थोरली काठी टेकत आली, वाफ्यात उकिडवी बसली, तण काढू लागली, की ती पाइपाचा नळ सोडायची. शेजारच्या वाफ्यातला बेकरीवाला एकदा ओरडला, "अहो थांबा, खाली जाऊबाई आहेत!"

"त्यांना ठाऊक आहे माझी वेळ," धाकटी वरून म्हणाली.

आणि थोरलीला खरंच ठाऊक होतं. पहिल्यांदा ती दचकून उठली होती. नंतर उठेनाशी झाली. तळहातांची ओंजळ उलटी करून रोपांवर धरायची आणि तशीच बसून राहायची. पाणी तिच्या पाठीवर, मानेवर पडायचं, लुगडं अंगाला चिकटायचं. ती वर बघायची नाही. एक हाक मारली असती, एक शिवी घातली असती, तर धाकटीने नळ बंद केला असता. तिची तशी खात्री होती. ती रोज त्या हाकेची वाट बघायची, आणि हाक आली नाही म्हणून तिला अधिकच चेव यायचा. रांगेतली बाकीची पॅनल लवकर उरकायची, आणि थोरलीच्या वाफ्यावरच्या चार पॅनलांवर ब्रश पुन्हा पुन्हा फिरायचा. गल्लीत म्हणायचे, हिच्यासारखी काच कुणी चमकवत नाही.

थंडी पडली तशी थोरली खोकायला लागली. मग ताप चढला. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय, या वयात भिजायचं नसतं. धाकटीने औषधं वेळेवर दिली, पाठ शेकली, उशी उंच केली. कुठे कमी पडली नाही. आणि दुपारी थोरलीच्या लेकीला फोन करून सांगितलं, "आईला घेऊन जा. माझं काम सकाळचं, हिच्याजवळ कोण बसणार?"

लेक आली. आईचे हात बघून रडली, मग काकूला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"काकू, माझं घर तू पाहिलंयस. एक खोली, त्यात सासू-सासरे. हिला मी ठेवू कुठे?"

"माणसं ठेवतात गं कुठेतरी."

"हे घर तिचंच आहे ना काकू? तिला इथेच मरू दे. मी दर महिन्याला येत जाईन. तुझ्या पाया पडते."

ती खरंच वाकली. ही तीच पोर होती, जिचे केस धाकटीने शाळेत जाईपर्यंत रोज विंचरले होते. धाकटीचा हात तिच्या डोक्याकडे गेला, थबकला, आणि ओट्यावरचं फडकं उचलून परत आला.

"तुझ्या काकाला सांगितलंय टेम्पो काढायला. गाडी चुकेल."

थोरलीला दोघांनी धरून टेम्पोत बसवलं. गल्लीतले काहीजण निरोपाला आले होते. ती सगळ्यांकडे बघून घेत होती. मग धाकटीला जवळ बोलावलं. आता काहीतरी येणार, इतक्या दिवसांचं सगळं एकदम येणार, म्हणून धाकटीने मान ताठ केली.

"हौदाचं बूच काढून ठेव," थोरली म्हणाली. "पाणी साचलं तर डास होतात."

"हो ताई," धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

आठवडाभराने तो रिकामा वाफा यादीत पुढे असलेल्या शाळेच्या मास्तरीणबाईंना मिळाला. त्यांनी घेवडा लावला. पहिल्याच धुण्याला वरून पाणी कोसळलं तशा त्या झारी आपटत फळीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, हे काय? रोज असंच होणार का? मग वाफा दिलात कशाला?"

"थांबा, करते काहीतरी," धाकटी म्हणाली.

कंपाउंडरकाकांच्या परसात जुन्या पत्र्याची पन्हळ पडून होती. ती तिने मागून आणली. सांगाड्याच्या खांबांना तारेने आवळली, एका टोकाला उतार दिला. चहाची वेळ व्हायच्या आत झालं. पाइप सोडून बघितला तर पाणी सरसर वाहत कडेच्या चरात गेलं.

"इतकं सोपं होतं!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही किती करता हो सगळ्यांसाठी."

धाकटीचा नवरा भाजीचे क्रेट भरायला आला होता. तो टेम्पोपासून चालत आला. पन्हळीखाली उभा राहिला. तारेचा पीळ त्याने बोटांनी चाचपला, एका खांबाचा, मग दुसऱ्याचा.

"भोक पाडलं नाहीस," तो म्हणाला.

"तारेने धरते ती. मास्तरीणबाई फार ओरडत होत्या."

त्याने मान हलवली आणि क्रेट उचलायला गेला. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने बॉनेट उघडलं नाही. पुढेही कधी उघडलं नाही. जेवण झालं की स्वतःचं ताट घासायचा आणि मागच्या दारात बसून राहायचा. बायको काही विचारी त्याचं उत्तर द्यायचा, त्यापलीकडे नाही. तिने एकदा आरडाओरडा करून बघितला, एकदा रडून. तो ऐकून घ्यायचा. गल्लीत तिचा मान वाढला होता. समितीने दुसरी एक पडीक जागा घेतली, तिथली देखरेखही तिच्याकडे आली. ही बातमी सांगायला ती उत्साहाने घरी आली, चपला काढता काढता "ताई" म्हणून हाकही मारून बसली, आणि मग पाणी पिऊन स्वयंपाकाला लागली.

उन्हाळा सुरू होताना लेकीचा फोन आला. तिने काकूला केला नाही, काकाला केला. तो उभ्याउभ्या ऐकत होता. शेवटी म्हणाला, "निघालोच." त्याने कपाटातून धुतलेला सदरा काढला.

धाकटीला कळलं, ताई गेल्या. तिने केसांवरून हात फिरवला, लुगड्याला पडलेल्या चुण्या सारख्या केल्या. "मीपण येते."

"तू कशाला?" तो गुंड्या लावत म्हणाला. "तुझी वेळ ठरलेली आहे. पॅनल कोण धुणार?"

आवाज चढलेला नव्हता. तो बाहेर गेला, टेम्पो सुरू झाला, गल्लीच्या तोंडाशी वळला. धाकटी दारात उभी होती. शेजारीण कुणी बाहेर आली तर काय सांगायचं, याचा ती विचार करत होती, पण कुणी आलं नाही. मैदानात लोक वाफ्यांना लागले होते. धुळीचे दिवस, काचा पांढऱ्या पडल्या होत्या.

तिने पाइप खांद्यावर घेतला आणि फळीवर चढली. त्याच चार पॅनलांवर ब्रश फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. पाणी मळकं होऊन उतरलं, पन्हळीतून वळलं आणि चरात गेलं. खाली मास्तरीणबाई घेवडा तोडत होत्या. त्यांनी वर पाहून हात हलवला. धाकटीनेही हलवला आणि पुढच्या ओळीकडे वळली.